एकाच बाजूच्या चुका

३ मार्च २०२४, रविवार

वर्गात मी पोरांना सांगायचो, प्रश्न नीट मांडला की निम्मा सुटतो. म्हणून ही वही. माझ्या बायकोच्या, तय्यबाच्या, मते अडुसष्टाव्या वर्षी माणसानं नव्या वह्या सुरू करू नयेत, जुन्या रद्दीत द्याव्यात. तरी सुरू करतोय.

प्रश्न असा. हजरत मुनीफ, माझे शायरीतले उस्ताद, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि त्यांचं हृदय थकलंय. जानेवारीत डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला, मुबीनाला, बाजूला घेऊन सांगितलं की आता महिन्यांत मोजा. हजरतांचे कान शाबूत आहेत. त्यांनी ते आतल्या खोलीतून ऐकलं आणि मला फर्मान सोडलं, "मियाँ, माझी तारीख काढ. मला ती बघून जायचंय."

तारीख म्हणजे कबरीच्या दगडावरची ओळ. आमच्यात प्रत्येक अक्षराला आकडा ठरलेला आहे. अलिफचा एक, बेचे दोन, असं चढत चढत क़ाफचे शंभर, गैनचे हजार. ओळ अशी बांधायची की वृत्त सांभाळलं जावं, अर्थ लागावा आणि सगळ्या अक्षरांची बेरीज मृत्यूच्या हिजरी सालाइतकी यावी. हैदराबादेत आमच्या ओळखीत कुणी गेलं की घरचे माझ्याकडे येतात. गणिताचा प्रोफेसर आणि वर शायर, म्हणजे आयतीच सोय. आजवर चाळीसेक ओळी काढल्या. एकीचीही बेरीज चुकली नाही.

सध्या १४४५ चालू आहे, ते जुलैच्या सुरुवातीला संपेल. हजरतांना ओळ याच सालाची हवी आहे. ती पसंत पडली की ते तिच्याशेजारी 'सुआद' काढणार. सही, म्हणजे बरोबर, या शब्दाचं ते पहिलं अक्षर. चाळीस वर्षं माझ्या शेरांशेजारी ते एवढंच अक्षर काढत आलेत, आणि तेही कंजूषपणे. मग ती ओळ ते स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरात लिहिणार आणि त्या कागदावरून दगड कोरला जाणार. ते कातिब होते. एका उर्दू वर्तमानपत्राचा अंक छत्तीस वर्षं बोरूनं लिहून काढला, कॉम्प्युटर आला त्या महिन्यापर्यंत. स्वतःच्या दगडावर दुसऱ्याचं अक्षर त्यांना चालणार नाही.

आज पहिली ओळ घेऊन गेलो. त्यांनी डोळे मिटून बोटांच्या पेरांवर बेरीज केली.

"किती आणलेस?"

"चौदाशे पंचेचाळीस, हजरत."

"चौदाशे अठ्ठेचाळीस आहेत."

तिथंच कागदावर करून पाहिली. अठ्ठेचाळीस. एक जीम मोजायचा राहिला होता, त्याचे तीन. ज्यानं आयुष्यभर संख्यांवर पोट भरलं त्याची ही बेरीज.

"मुबीना, ऐकलंस का," हजरत आत बघत म्हणाले, "प्रोफेसरसाहेबांनी मला तीन वर्षं वाढवून दिली. सरकारसुद्धा एवढी देत नाही."


१० मार्च, रविवार

दुसरी ओळ. अर्थ बरा होता, हजरतांनी 'हम्म' केलं. बेरीज १४४७. दोन जास्त. एक बे सुटला.

"तुझं तखल्लुस कुणी ठेवलं होतं?"

"तुम्हीच, हजरत."

"काय ठेवलं होतं?"

"कासिर." म्हणजे ज्याचं कमी पडतं तो. अठ्ठाविसाव्या वर्षी मी स्वतःसाठी फार भारदस्त कविनाव शोधून नेलं होतं. ते त्यांनी खोडून हे दिलं.

"नाव कासिर आणि बेरीज नेहमी वर," हजरत म्हणाले. "नाव तरी बदलू या, नाहीतर वजाबाकी तरी शिकू या."

हसलो. रिक्षात मात्र हसू आलं नाही. माझे मोठे काका माझ्याच वयात चष्मा हातात धरून चष्मा शोधायला लागले होते. सहा वर्षांनी त्यांना काकूंचं नाव येत नव्हतं.


१४ मार्च

तिसरा रोजा. पहाटे सहरीनंतर झोप आली नाही म्हणून स्वतःची परीक्षा घेतली. कोशातून डोळे मिटून पन्नास शब्द काढले, त्यांच्या बेरजा केल्या. सगळ्या बरोबर. माझ्या जुन्या तारखा तपासल्या. सगळ्या बरोबर. नातवाचं गणिताचं पुस्तक घेतलं, तर त्यात छापलेलं एक उत्तर चूक निघालं.

तय्यबा उठली तेव्हा डायनिंग टेबलावर हे सगळं पसरलेलं.

"अजी, काय चाललंय?"

"डोकं तपासतोय."

"सापडलं का?" मग समोर बसली. "माझ्या अब्बांची तारीख काढलीत तेव्हा नाही चुकली ती."

"बेगम, तुमचे अब्बा तेव्हा गेले होते."

"हौ, तेच म्हणते मी."

तेच म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही. रोज्यात वाद नको म्हणून मीही विचारलं नाही.


३१ मार्च, रविवार

तिसऱ्या ओळीला तीन आठवडे घेतले. घरी चार वेळा बेरीज केली, चारही वेळा पंचेचाळीस. हजरतांनी पेरांवर केली. १४५१. वाव मोजलाच नव्हता, त्याचे सहा. चारही वेळा तोच वाव सुटला! डोळ्यांसमोर अक्षर आहे आणि मी त्याला ओलांडून जातो.

हजरतांनी आज चिडवलं नाही, ते जास्त लागलं. औषधांमुळे त्यांचे रोजे नाहीत. त्याची त्यांना लाज वाटते, म्हणून आमच्यासमोर ते पाणीही पीत नाहीत. ओठ सुकलेले होते. त्यांनी मुबीनाकडून बोरू, दौत आणि पिवळा कागद मागवला.

"बघ," म्हणाले, आणि एक लांब बे ओढला. डावीकडून होडीसारखा उचलला जातो तो. दुसऱ्या कुणाला असा येत नाही. मग खाली नुक्ता ठेवताना हात हलला आणि ठिपका शेपटीवाला झाला.

"फेब्रुवारीत हे होत नव्हतं," ते म्हणाले. कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. तो या वहीत ठेवला आहे.


४ एप्रिल

तय्यबाला न सांगता मेंदूच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण मुलगी. तिनं घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, मग म्हणाली, "शंभरातून सात वजा करत जा, अंकल."

त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असं करत दोनपर्यंत आलो आणि विचारलं, "शून्याच्या खाली जाऊ का?"

"नको नको," ती हसली. "तुमचं काही बिघडलेलं नाही. घरात कसली काळजी आहे का?"

"नाही," म्हटलं. "एक ओळ जमत नाहीये, एवढंच."


११ एप्रिल, ईद

शीरखुर्म्याचा डबा घेऊन हजरतांकडे. त्यांनी दोन चमचे खाल्ले आणि तय्यबाला निरोप दिला की खजूर या वर्षी जास्त घातलेत. त्यांच्या इस्लाहमधून, म्हणजे दुरुस्तीतून, खीरसुद्धा सुटत नाही. ओळीचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. निघताना माझा हात धरून थोडा वेळ बसले. त्यांच्या बोटांवर शाईचे जुने डाग आहेत, ते आता जाणारही नाहीत.


२८ एप्रिल, रविवार

हजरत मंगळवारपासून दवाखान्यात होते, काल घरी आणलं. फुप्फुसात पाणी. उजव्या हाताला सलाइनची सुई लावलेली होती, तो हात मनगटापासून सुजलाय. त्यांनी नर्सला म्हणे तीनदा सांगितलं, "बेटा, डाव्याला लाव." ती म्हणाली, "आजोबा, डाव्याची शीर मिळत नाही."

आज इस्लाह नाही. मी नुसता बसून होतो. त्यांनी सुजलेला हात उशीवर ठेवला होता आणि त्याच्याकडे असे बघत होते, जसं कुणी उशिरा घरी आलेल्या मुलाकडे बघावं.


५ मे, रविवार

चौथी ओळ १४४९. एक दाल.

हजरत झोपलेले होते, बेरीज मुबीनानं केली. तिला ती येते हे मला माहीत नव्हतं. मला ती बाहेर व्हरांड्यात घेऊन आली. साठ वर्षांची आहे, चाळीस वर्षांत माझ्याशी कधी आवाज चढवून बोलली नाही.

"वहाजभाई, परवा त्या टेलरच्या आईची तारीख काढून दिलीत ना तुम्ही?"

"हो."

"किती दिवस लागले?"

"एक दुपार."

"बरोबर आली?"

"आली."

"मग माझ्या अब्बांनीच काय घोडं मारलंय?" तिचा आवाज फुटला. "सूज उतरली तरी बोटं मिटत नाहीत त्यांची. रोज सकाळी मी कोमट पाण्यात धरते. ते रोज विचारतात, वहाजनं पाठवलं का काही? मी म्हणते, रविवारी आणतील. रविवारी तुम्ही येता आणि हे असं. हात गेल्यावर आणाल का ओळ? मग छापून घेऊ आपण, कॉम्प्युटरवर."

तिनं चहा आणून दिला आणि म्हणाली, "साखर कमी असेल, लक्ष नव्हतं." चहा ठीक होता.


१२ मे, रविवार

पाचवी ओळ १४४७. पुन्हा बे.

मी कागद दुमडून खिशात ठेवला आणि ठरवलेलं बोलून टाकलं. "हजरत, मला वाटतं माझी स्मरणशक्ती जातेय. ही तारीख दुसऱ्या कुणाला सांगा. नावं देतो मी."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"तुम्हाला कसं कळलं डॉक्टरचं?"

"तुझी बेगम मुबीनाशी फोनवर बोलते. तुला वाटतं तिला माहीत नाही. डॉक्टर काय म्हणाला?"

"काही बिघडलं नाही म्हणाली."

"तर मग ऐक." त्यांनी उशीला टेकून घेतलं. दम लागत होता, म्हणून थांबून थांबून बोलले. "वर्तमानपत्रात माझ्या हाताखाली पोरं शिकायला यायची. एकाची ओळ वाकडी जायला लागली की मी आधी तिच्याखाली पट्टी धरायचो. हात थरथरत असला तर अक्षरं कधी पट्टीच्या वर, कधी खाली. त्यावर उपाय आहे, सराव. पण सगळी अक्षरं वरच चढत असली, एकही खाली उतरत नसलं, तर तो हाताचा दोष नसतो. ते पोर बसलंच वाकडं आहे. मी हाताकडे बघतच नसे. बैठक सरळ करायचो."



"तू मला किती ओळी आणल्यास?"

"पाच."

"एखादी कमी भरली?"

आतून मुबीनाच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"घरी जा," हजरत म्हणाले, "आणि सरळ बस."


१३ मे

अधिक तीन, अधिक दोन, अधिक सहा, अधिक चार, अधिक दोन.

चुकांचा नियम मी एकोणतीस वर्षं शिकवला. फळ्यावर घंटेच्या आकाराचा वक्र काढायचो आणि सांगायचो, निव्वळ चूक दोन्हीकडे सारखी पडते. एकाच बाजूला पडायला लागली तर मोजणाऱ्यावर संशय घ्या. नाणं पाचदा उडवून पाचही वेळा छापा पडण्याची शक्यता बत्तीसात एक. पेपर तपासताना एखाद्या पोराचे आकडे असे आले असते तर मी त्याला केबिनमध्ये बोलावलं असतं.

आणि हे मला आठवी शिकलेल्या कातिबानं पट्टी धरून दाखवलं.

तय्यबाला सांगितलं. ती भेंडी चिरत होती. "मग? मार्चमध्येच म्हटलं होतं की मी."

"नीट सांगितलं नाहीत."

"नीट सांगितलं असतं तर तुम्ही सिद्धता मागितली असती."

आज पुढे काही सुचत नाही. खरं सांगायचं तर सुचतं आहे. १४४५ ची ओळ लिहायची म्हणजे हजरत जुलैच्या आत जाणार, असं मी माझ्या हातानं लिहायचं. टेलरच्या आईला मी ओळखत नव्हतो.


२६ मे

कागद समोर आहे. काही नाही.


२ जून, रविवार

रिकाम्या हातानं गेलो आणि तसं सांगितलं. हजरत म्हणाले, "छान. चुकीचं आणण्यापेक्षा हे बरं. बस." एक जुनी गजल वाचून घेतली माझ्याकडून, तीस वर्षांपूर्वी त्यांनीच तिची इस्लाह केलेली. दुसऱ्या शेरावर म्हणाले, "हे मी उगाच बदललं होतं. तुझं पहिलं बरं होतं." मला पहिलं काय होतं ते आठवेना. त्यांना आठवत होतं.


९ जून, रविवार

आज ओळ नेली.

ख़त तो है ही, क़लम नहीं बाक़ी

ख़त म्हणजे हस्ताक्षर, लिखावट. अक्षर तर आहेच, लेखणी उरली नाही. शुक्रवारी बसलो, सरळ बसलो, आणि एका तासात झाली. बेरीज करताना प्रत्येक अक्षरावर पेन्सिलीनं टिंब केलं, एकही सुटू नये म्हणून. १४४५. वाचून दाखवली.

हजरत पेरांवर मोजायला लागले. ओठ हलत होते. मोजून झालं, पुन्हा मोजलं आणि मग त्यांना असं हसू फुटलं की मुबीना पळत आली.

"चौदाशे त्रेचाळीस!"

"काय?"

"त्रेचाळीस! मियाँ, तू तर मला दोन वर्षांपूर्वीच पुरलंस! मुबीना, मग दोन वर्षं तुझी खिचडी कोण खात होतं गं?"

मी कागद ओढून घेतला. बाकीमधल्या बेवर दोन टिंबं होती. सुटू नये म्हणून दोनदा मोजला होता. मुबीना पदरात तोंड लपवून हसत होती, मग रडत होती, मग पुन्हा हसत होती. हजरतांना खोकला लागला, मी पाठ चोळली.

"ही खरी चूक," खोकता खोकता म्हणाले. "अगदी प्रामाणिक. शाबास."

मग त्यांनी लाल पेन मागितलं. बोटं जवळजवळ मिटतात आता. बराच वेळ ओळीकडे बघत राहिले.

"'है ही' मध्ये फुशारकी आहे," म्हणाले. "अक्षर राहीलच, हे मी कोण सांगणार? आमचं वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी समोसे बांधायला जायचं." 'ही' खोडून त्यांनी 'भी' केला. "है भी. आहे आपलं, तेही आहे. एवढं पुरे."

ख़त तो है भी, क़लम नहीं बाक़ी

वृत्त जागच्या जागी. हीचे पंधरा, भीचे सतरा. १४४५. चाळीस वर्षं ते हेच करत आलेत माझ्या ओळींचं, एक शब्द काढतात आणि माझी ओळ माझ्यापेक्षा शहाणी होते.

"आणि हे काय, कलम बाकी नाही म्हणतोस आणि लिहायला मलाच लावतोस?" असं पुटपुटत त्यांनी शेजारी सुआद काढला. थोडा हलला, पण सुआदच.


१९ जून

बकरी ईदच्या आदल्या दिवशी सुरुवात केली, आज संपलं. रोज सकाळी चहानंतर जेवढा वेळ हात साथ देईल तेवढा. मी रोज जात होतो. माझं काम कागद दाबून धरायचं.

पहिल्या दिवशी ख़त आणि तो. दुसऱ्या दिवशी ईद होती तरी है भी. मग कलमच्या मीमवर थांबले, हात अर्धा तास कोमट पाण्यात. आज नहीं बाक़ी. शेवटची ये न थांबता ओढली. बाकीच्या बेचा नुक्ता हलला आणि शेपूट आली.

"पुन्हा लिहायचं?" मुबीनानं विचारलं.

"नक्को. असू दे. दगडवाल्याला सांगा, जसं आहे तसं कोर. शहाणपणा करून सरळ करू नकोस." बोरू त्यांनी स्वतः धुतला, पुसला आणि मुबीनाला म्हणाले, "कुणी मागितला तर देऊन टाक."

कागदाच्या खालच्या अर्ध्यात ओळ आहे. वरचा अर्धा रिकामा ठेवलाय. शेराला दोन ओळी लागतात. वरचीचं काय, असं मी विचारलं. "बघू," म्हणाले.


८ जुलै, सोमवार

काल संध्याकाळी मोहरमचा चाँद दिसला. १४४६ लागलं.

सकाळी गेलो तर हजरत बसलेले, दाढी विंचरलेली, चेहऱ्यावर परीक्षेत कॉपी करून सुटलेल्या पोराचा आनंद.

"मियाँ, तुझं उत्तर बरोबर होतं, पण परीक्षा पुढे गेली!"

"नवी ओळ काढतो, हजरत." माझ्या तोंडून इतक्या उत्साहानं आलं की मलाच लाज वाटली.

"काढशील. लिहिणार कोण?" त्यांनी हात वर केला. बकरी ईदनंतर तो चमचाही धरत नाही. "खालची ओळ आहे तीच राहणार. एक कमी पडतोय, तो वरच्या ओळीतून दे. रीत आहे ती, तुला माहीत आहे."

माहीत आहे. वरच्या ओळीत सूचना करायची की अमुक शब्दाचं पहिलं अक्षर यात मिळवा. एकच मिळवायचा असला की सगळे शायर 'आह' घेतात. तिचा आरंभ अलिफ, अलिफचा एक.

"पण आह घालायची नाही," हजरत म्हणाले. "अर्धं कब्रस्तान तिथं उसासे टाकतंय. मला शेजाऱ्यांत मिसळायचं नाही. दुसरा काही बघ."

"रविवारी आणतो."

"आणू नकोस."

मला वाटलं दम लागल्यामुळे शब्द अर्धवट राहिला. थांबलो.

"ती ओळ मी बघणार नाही, वहाज. मी गेल्यावर लिही. आणि कुणाला दाखवू नकोस, तुझ्या त्या मुशायऱ्यातल्या दोस्तांना तर नाहीच. जशी येईल तशी दगडावर."

"इस्लाहशिवाय?"

"इस्लाहशिवाय."

"आणि पुढच्या साली जायची वेळ आली तर? दोन मिळवावे लागतील."

"हावरा आहेस," हजरत म्हणाले. "जा, मला झोपू दे."


२२ जुलै

काल रविवार होता. मी नेहमीप्रमाणे चारला पोहोचलो. त्यांना अर्ध्या तासापूर्वी झोप लागली होती, असं मुबीना म्हणाली. आम्ही बाहेर बसून चहा घेतला. असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या, नमाजासाठी उठवायला ती आत गेली.

आज दुपारी दफन झालं. माती देताना माझ्या हाताशेजारी कुणाचे कुणाचे हात होते. त्यांतल्या अनेकांना त्यांनी लिहायला शिकवलेलं होतं. मला ते फक्त बोटांवरच्या शाईच्या डागांवरून ओळखता आले.


२८ जुलै, रविवार

चार वाजता कपडे घालून तयार झालो होतो. तय्यबानं काही न बोलता चपला आत नेऊन ठेवल्या आणि माझ्याशी पत्ते खेळायला बसली. तिला पत्ते आवडत नाहीत.


४ ऑगस्ट, रविवार

झाली.

आठवडाभर एकही शब्द सापडत नव्हता. अलिफनं सुरू होणारे निम्मे शब्द रडके आहेत. आँसू, अलम, अफसोस. प्रत्येक लिहिला की कानात यायचं, "शेजाऱ्यांत मिसळतोयस." मग सकाळी चाळीस वर्षांच्या वह्या काढल्या. लाल पेननं भरलेल्या. प्रत्येक पानाच्या वर मी स्वतःच, त्यांना द्यायच्या आधी, एक शब्द लिहीत आलोय, इस्लाहसाठी. तो शब्दही अलिफनंच सुरू होतो.

ले के इस्लाह का सिरा लिक्खा
ख़त तो है भी, क़लम नहीं बाक़ी

इस्लाहचं पहिलं टोक हाती घेऊन लिहिलं. 'लिक्खा' जरा जड पडतोय का? शेवटी दोन गुरू येतात, पर्याय असेल. 'ले के' तर अगदी बोलण्यातलं आहे, हजरतांनी भुवई उंचावली असती. की 'हम्म' केलं असतं? दुपारपर्यंत चार पर्याय लिहिले, चारही खोडले आणि पहिलंच ठेवलं. कोणतं बरं हे सांगणारं कुणी नाही आणि मी कुणाला विचारणार नाही.

संध्याकाळी मुबीनाकडे नेली. तिनं त्यांचा कागद काढला. वरच्या रिकाम्या अर्ध्यात मी माझ्या अक्षरात लिहिलं. माझं अक्षर प्रोफेसराचं आहे, फळ्यावरचं. त्यांच्या अक्षराच्या डोक्यावर ते असं दिसतं जसं सतरंजीवर कुणी चपलांसकट चढावं. मी म्हटलं, "कुणा चांगल्या कातिबाकडून घेऊ."

"आता कुठे राहिलेत कातिब," मुबीना म्हणाली. "असू द्या, वहाजभाई. त्यांनी जागा तुमच्यासाठी सोडली होती." मग तिनं चष्मा लावला. "बेरीज केलीत?"

"केली."

"माझ्यासमोर करा."

केली. अक्षरावर बोट ठेवून, मोठ्यानं. खालच्या ओळीचे चौदाशे पंचेचाळीस, वरून एक. चौदाशे शेहेचाळीस. तिनं मान हलवली आणि कागद घडी न करता मोठ्या पाकिटात घातला. दगडवाला उद्या येणार आहे.

घरी येऊन पुन्हा केली. एखादं अक्षर सुटलं असेल, एखादा बे, एखादा दाल, म्हणून उलटीकडूनही केली. मग दिवा न लावता बसलो आणि त्यांच्यासारखी डोळे मिटून, पेरांवर.

दर वेळी तेवढीच येते. एकानंही जास्त नाही.